आबांच्या फोनला रेंज फुल, फोन लागतो, पण नेट नाही. काय काय तपासू?

केळीचा_घड | सोमवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. मी चाकणला नोकरीला, आईवडील गावी. गाव रावेर तालुक्यात, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. पालकडे जाणारा डोंगर आमच्या ओट्यावरून दिसतो.

वडिलांना (आम्ही आबा म्हणतो) पंधरा दिवसांपूर्वी सावद्याहून पहिला स्मार्टफोन घेऊन दिला. आत्तापर्यंत बटणांचा होता. नंबर तोच ठेवला. फोन लागतो, आवाज स्वच्छ येतो, वर कांड्या भरलेल्या असतात. रोजच्या दीड जीबीचा पॅक मीच इथून मारलाय, त्याचा मेसेजही आला. पण नेट काही चालत नाही. व्हॉट्सअॅपचं गोल फिरत राहतं आणि आबा फोन खिशात टाकून देतात.

एवढी घाई अशासाठी की ई-पीक पाहणी (सरकारी अॅपवर आपल्या पिकाची नोंद) करायचीय. शेतात उभं राहून फोटो काढावा लागतो, त्यामुळे इथून मला काहीच करता येत नाही. गेल्या वर्षी शेजारच्या पोरानं त्याच्या फोनवर करून दिली होती. तो आता सुरतेला गेला. शिवाय केळीचा रोजचा भाव ग्रुपवर येतो. तो आबा अजून दुसऱ्यांना विचारत फिरतात.

कस्टमर केअरला तीनदा फोन केला. एकानं बंद-चालू करा सांगितलं, दुसरीनं हँडसेट खराब आहे सांगितलं, तिसऱ्यानं माझं बोलणं संपायच्या आत आभार मानले. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा त्याच भांडणात जाईल.

मी फोनवरून आबांना सांगणार, आबा तिकडे बोट दाबणार, अशी सगळी व्यवस्था आहे. त्यामुळे सोप्यात सोपं सांगा.

---

चुलीवरचं_भरीत | सोमवार, रात्री ९:५०

भो, आमना धुयाले बी हाईच कथा शे. पॅकना पैसा बरोबर कटतस, नेट मातर चालस नही.

मस्करी बाजूला. विमानाचं चित्र असतं ना, ते दाबून अर्धा मिनिट थांबायला सांग, मग परत दाबायचं. फोन नव्यानं टॉवर शोधतो. निम्मी दुखणी त्यातच जातात.

---

तंत्रमित्र_२२ | सोमवार, रात्री १०:०५

दादा, एवढं कशाला? त्यांच्या फोनवर स्क्रीन शेअरिंगचं अॅप टाका. तुम्ही चाकणहून सगळं बघाल, दोन मिनिटांत काम.

---

गिरणाकाठची | सोमवार, रात्री १०:११

तंत्रमित्र, नेटच चालत नाही तर डोंबलाचं स्क्रीन शेअरिंग?

आणि नेट चालू झाल्यावरसुद्धा ते अॅप आबांच्या फोनवर राहू देऊ नका. आमच्या भडगाव भागात एका काकांना "तुमची केवायसी संपली, सिम बंद होणार" म्हणून फोन आला, असंच अॅप टाकायला लावलं आणि खातं रिकामं केलं. नव्यानं स्मार्टफोन घेतलेली वयस्कर माणसं हे या चोरांचं ठरलेलं गिऱ्हाईक. आबांना एक नंबर पाठ करून घ्या, १९३०. पैसे गेले की ताबडतोब तिथे फोन करायचा, पोरगा सुट्टीवर येईपर्यंत थांबायचं नाही.

---

अमळनेरी_मोबाईलवाला | सोमवार, रात्री ११:२०

दुकान बंद करून आत्ता बसलो. दादा, गिऱ्हाईक "नेट चालत नाही" म्हणून येतं तेव्हा मी काय बघतो ते सांगतो. क्रम माझा आहे, कंपनीचा नाही.

पहिलं, डेटा कुठल्या सिमवर आहे. नव्या फोनला दोन सिमचे खाचे. एकात आबांचं सिम, दुसऱ्यात दुकानदारानं स्कीममध्ये दिलेलं फुकटचं सिम, असा प्रकार पुष्कळ दिसतो. पॅक एका सिमवर आणि फोन नेट मागतो दुसऱ्यावर. सेटिंगमध्ये सिमचं पान उघडून बघा, "मोबाईल डेटा" समोर कोणाचं नाव आहे.

दुसरं, सिमचं वय. बटणांच्या फोनमधलं सिम कापून नव्या फोनात घातलं असेल तर ते २जी-३जीच्या जमान्यातलं असू शकतं. त्यावर बोलणं होतं, ४जी धरत नाही. कंपनीच्या दुकानात बदलून मिळतं, नंबर तोच राहतो. आबांना स्वतः जावं लागेल, आधार सोबत. एक लक्षात ठेवा, सिम बदललं की पुढचे २४ तास एसएमएस बंद असतात. म्हणजे बँकेचा ओटीपी येणार नाही. ज्या दिवशी पैशाचं काम असेल त्या दिवशी सिम बदलायला जाऊ नका. मागे एक जण सोसायटीचं कर्ज भरायच्या दिवशीच सिम बदलून गेला आणि संध्याकाळी माझ्याच काउंटरवर येऊन मला शिव्या.

तिसरं, तारीख. फोन बरेच दिवस डब्यात पडून असला आणि तारीख चुकलेली राहिली, की नेट चालू असूनही साइट उघडत नाहीत. सुरक्षेची तपासणी तारखेवर चालते. "वेळ आपोआप" हे बटण चालू करा.

चौथं, एपीएन. हे म्हणजे फोनला दिलेला पत्ता, कंपनीच्या कुठल्या दारातून इंटरनेटवर जायचं तो. एरवी सिम घातलं की फोन स्वतः भरतो, पण कधी चुकीचं भरतो. एपीएनचं पान उघडलं की वर तीन ठिपके असतात, त्यात "डिफॉल्टवर रीसेट करा" असतं. हातानं काही लिहिण्याआधी ते दाबा. त्यानंही नाही झालं तर हातानं. जिओला फक्त "जिओनेट", एअरटेलला "एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम", बीएसएनएलला "बीएसएनएलनेट". सगळी अक्षरं इंग्रजीतली छोटी, मध्ये जागा सोडायची नाही. युजरनेम-पासवर्ड रिकामे. एमसीसी आणि एमएनसी असे दोन आकडे दिसतील, ते सिमवरून येतात, त्यांना हात लावायचा नाही. भरून झालं की सेव्ह करून त्या नावापुढचा गोल निवडायचा. लोक सेव्ह करतात आणि गोल निवडायचं विसरतात. कधीकधी यादीत एमएमएसचं वेगळं नाव असतं आणि तेच निवडलं गेलेलं असतं. त्यावर नेट चालणार नाही.

एवढं करून कळवा.

---

चुलीवरचं_भरीत | सोमवार, रात्री ११:३१

अमळनेरी भाऊंनी जुने दिवस आठवून दिले. जळगावच्या गोलाणी मार्केटात नुसती "सेटिंग टाकून देण्याचे" पैसे घ्यायचे पोरं! कंपनीला मेसेज पाठवायचा, मग सेटिंगचा मेसेज उलटा यायचा, तो सेव्ह करायला पिन मागायचा आणि पिन जिकडे तिकडे १२३४. क्रिकेटचा स्कोअर उघडेपर्यंत ओव्हर संपलेली असायची.

---

केळीचा_घड | मंगळवार, दुपारी २:१५

जेवणाच्या सुट्टीत आबांना फोन लावला. बाजूच्या मळ्यातले दादा त्यांचा फोन घेऊन आले. त्यांच्या फोनवरून मी बोलायचं आणि आबांनी आपल्या फोनवर बोट ठेवायचं, असं पंचवीस मिनिटं चाललं.

दुसऱ्या खाच्यात सिमच नाही. तारीख बरोबर. विमान दाबून झालं. सिम गेल्याच वर्षी बदललेलं, ४जीचं आहे. एपीएन रीसेट केलं, नाव अचूक आलं, गोल निवडलेला आहे, मी अक्षर न् अक्षर वाचून घेतलं. त्यात दहा मिनिटं गेली, कारण आबांना इंग्रजी अक्षरं येत नाहीत, दादांनाही जेमतेम.

शेवटी आबा म्हणाले, "अरे, कांड्या तं भरेल आहेत. मले काय कयते त्याच्यातलं? हे डबडं वापस करून दे अन् जुनं दे."

नेट नाहीच.

---

भुसावळ_जंक्शन | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त. तांब्याच्या तारेपासून फायबरपर्यंत सगळं हातानं ओढलंय.

आबांचा कांड्यांवरचा भरवसा आधी थोडा कमी करू. कांड्या म्हणजे टॉवरचा आवाज तुमच्या फोनला किती मोठा ऐकू येतो, एवढंच. टॉवरच्या मागे नेट पोचतंय की नाही, हे कांड्या सांगत नाहीत. टॉवरला मागून फायबर येते, नाहीतर दुसऱ्या टॉवरकडून डिशनं जोडलेला असतो. हायवेचं काम सुरू झालं तेव्हा जेसीबीनं आमची फायबर कितीदा तोडली याचा हिशोब नाही. वीज गेली की टॉवर बॅटरीवर जातो, बॅटरी म्हातारी असली की तासाभरात मान टाकतो. आणि संध्याकाळी सात ते दहा सगळं गाव एकदम व्हिडिओ बघायला बसतं, तेव्हा कांड्या भरलेल्या असूनही नेट रांगतं.

दुसरं, केळीची बाग. हे फार कोणी ध्यानात घेत नाही. केळीचं पान म्हणजे पाण्यानं भरलेलं फडकं. दाट बागेच्या मध्यभागी उभं राहिलं की सिग्नल पानांत जिरतो. जितकी लहर वरच्या फ्रिक्वेन्सीची तितका जास्त. २३०० मेगाहर्ट्झचं ४जी बांधावर छान चालेल आणि बागेत शिरलं की लंगडं होईल. ७०० किंवा ८५० मेगाहर्ट्झची लहर लांब जाते आणि आडोशातूनही बऱ्यापैकी घुसते. बीएसएनएलचं स्वदेशी ४जी २७ सप्टेंबर २०२५ ला देशभर सुरू झालं, त्यात ७०० चा पट्टा आहे. पण त्यासाठी फोनमध्येही बँड २८, म्हणजे हाच ७०० चा पट्टा, पाहिजे. स्वस्तातल्या जुन्या फोनांत तो नसतो. जुन्या खात्याचं कौतुक करतोय असं वाटेल, पण फिजिक्स कोणाच्या खात्याचं नसतं.

तेव्हा बांधावर येऊन बघायला सांगा.

---

केळीचा_घड | बुधवार, दुपारी १:५०

काका, बांधावर उभं राहूनही केलं आज. तसंच. शेजारच्या दादांचं सिम दुसऱ्या कंपनीचं, त्यांचं नेट तिथेच उभं राहून चालतंय. म्हणजे आबांच्याच कंपनीच्या टॉवरचं काहीतरी. पोर्ट करून टाकू का? पोर्टचा मेसेज १९०० ला पाठवायचा ना?

---

गिरणाकाठची | बुधवार, दुपारी २:३०

दादा, पोर्टची घाई नको. तुमच्या सगळ्या पोस्टी परत वाचल्या. एक गोष्ट तुम्ही कुठेच लिहिली नाही. नेट नेमकं कुठे चालत नाही? घरात? मळ्यात? दोन्हीकडे? तुम्ही दरवेळी दुपारी फोन करता, म्हणजे आबा दरवेळी मळ्यात असतात. घरी बसून कोणी करून बघितलंय का?

---

केळीचा_घड | बुधवार, दुपारी २:५२

ताई... घरी कोणी बघितलंच नाही. आबा पहाटे पाचला मळ्यात जातात, संध्याकाळी सातला येतात आणि जेवून लगेच आडवे होतात. घरी आले की फोन देवळीत.

पण आता तुम्ही विचारलं म्हणून व्हॉट्सअॅप उघडून बघितलं. मी आबांना दिवसभरात जे पाठवतो त्याला एकच टिक असते. दुसरी टिक रोज साडेसात-आठच्या सुमाराला येते. सगळ्या एकदम. पंधरा दिवस हे माझ्या डोळ्यासमोर होतं.

म्हणजे घरी नेट चालतं!

मळा गावापासून उत्तरेला, डोंगराच्या बाजूला अडीच-तीन किलोमीटर. चढ आहे.

---

अक्राणी_मास्तर | बुधवार, रात्री ८:१०

उत्तरेला, डोंगराच्या बाजूला, चढावर. दादा, मला वाटतं तुमचं दुखणं आमच्याकडचंच आहे.

मी धडगाव तालुक्यात शिक्षक. आमच्याकडे फोन कधी महाराष्ट्राचा टॉवर धरतो, कधी नर्मदेच्या पलीकडचा. रावेरच्या वर डोंगर ओलांडला की मध्य प्रदेश. मोबाईल कंपन्यांच्या हिशोबात महाराष्ट्र-गोवा हे एक सर्कल, मध्य प्रदेश-छत्तीसगड हे दुसरं, गुजरात तिसरं. गावात तुमच्या कंपनीचा टॉवर आहे, तो आपल्या सर्कलचा. मळ्यात चढावर तो आडोशाला जातो आणि डोंगरावरून पलीकडच्या सर्कलच्या टॉवरचा आवाज मोठा येतो. फोनला राज्याची सीमा कळत नाही, त्याला जो मोठा ऐकू येतो त्याच्या गळ्यात पडतो. कांड्या भरलेल्या दिसतात त्या त्याच्या. बोलणं चालतं. पण फोनच्या लेखी तुम्ही आता परमुलखात, म्हणजे रोमिंगवर. आणि नव्या फोनमध्ये "डेटा रोमिंग" हे बटण बहुतेक वेळा बंद करून दिलेलं असतं. मग फोन नेट मागतच नाही.

सगळ्याच फोनांत असं होत नाही. काही फोन आणि सिमच्या जोड्या देशातल्या देशातल्या रोमिंगला रोमिंग मानतच नाहीत, तिथे हा त्रास नाही. म्हणून एकाचं चालतं, शेजाऱ्याचं चालत नाही.

ओळखायची खूण: मळ्यात उभं राहून कांड्यांच्या बाजूला इंग्रजी आर हे अक्षर बारीक दिसतं का ते बघा. दिसलं तर सिमच्या पानावर डेटा रोमिंग चालू करा. आताच्या बहुतेक पॅकमध्ये देशांतर्गत रोमिंगला जादा पैसे पडत नाहीत, तरी पॅकची माहिती एकदा वाचून घ्या.

---

नवापूर_फाटक | बुधवार, रात्री ८:४५

मास्तर शंभर टक्के बरोबर. आमचं नवापूरचं स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. एकाच बाकावर बसून एका टोकाला एक राज्य आणि दुसऱ्या टोकाला दुसरं. आमच्या गावात डेटा रोमिंग बंद ठेवणारा माणूस पाहुणा असतो.

---

चुलीवरचं_भरीत | बुधवार, रात्री ८:५१

म्हणजे आबा रोज पहाटे पाचला पायी परराज्यात जातात आणि संध्याकाळी परत येतात. काय जिद्द शे!

---

अक्राणी_मास्तर | बुधवार, रात्री ९:३०

हसा भरीत भाऊ, पण आमच्याकडे हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. शहाद्याजवळच्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. आमच्याच जिल्ह्यात. त्यानंतर रेशन, पेन्शन, शिष्यवृत्ती सगळं अंगठ्यावर आणि ओटीपीवर आलं. आणि त्याच जिल्ह्यात वरच्या पाड्यांवरची माणसं ओटीपी यावा म्हणून टेकडी चढतात. कुठल्या झाडाखाली, कुठल्या दगडावर उभं राहिलं की रेंज येते, हे पोरांना पाठ. एका पाड्यावर रेंजच्या जागी लोकांनी बसायला दगड रचलेत. तिथे दोन-चार माणसं कायम हात वर करून उभी. लांबून बघणाऱ्याला वाटावं काही पूजा चाललीय.

आमचं नंदुरबार आकांक्षित जिल्ह्यांत, म्हणजे केंद्रानं मागास म्हणून निवडलेल्या जिल्ह्यांत आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रानं पाच राज्यांतल्या ४४ आकांक्षित जिल्ह्यांतली ७,२८७ गावं ४जीखाली आणायची योजना मंजूर केली, त्यात महाराष्ट्र आहे. पुढे जुलै २०२२ मध्ये देशभरातल्या २४,६८० गावांची आणखी एक. टॉवर उभे राहताना दिसतात, नाही म्हणत नाही. काही लागले, काही उभे आहेत पण बोलत नाहीत. माझ्या शाळेपासून दिसणारा एक तसाच आहे.

विषय सोडून बोललो, माफ करा. उद्या आबांचं काय होतं ते लिहा.

---

भुसावळ_जंक्शन | बुधवार, रात्री १०:०२

मास्तरांना मानलं. मी केळीच्या पानात शिरलो आणि डोंगराकडे बघायचं राहिलं. सर्कलची हद्द आम्हीच नकाशावर बघायचो आणि आज मलाच ती आठवली नाही.

---

केळीचा_घड | गुरुवार, दुपारी १:२५

चालू झालं!!!

सविस्तर लिहितो, कारण मजा आहे. आबांना फोन लावला, शेजारच्या दादांच्याच फोनवर. आज दादा स्वतः फवारणीत होते, फोन आबांच्या हातात देऊन गेलेले. म्हणजे अक्षर ओळखणारं कोणी नाही. मी म्हटलं, आबा, कांड्यांच्या बाजूला एक बारीक इंग्रजी अक्षर आहे का? म्हणाले, "हाये काहीतरी. मले कसं सांगता येईन?"

मी समजवायला लागलो. उभी रेघ, तिला वर गोल, खाली तिरका पाय. आबा थोडा वेळ गप्प. मग एकदम ओरडले, "अरे, ट्रॅक्टरच्या दांडीवर रिव्हर्सचं असते ना, ते हाये बा वरती!"

चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवलेल्या माणसाला मी आर शिकवत होतो.

मग सिमचं पान, त्यात खाली डेटा रोमिंग. बटण सरकवल्यावर फोननं काहीतरी इशारा दाखवला. आबा घाबरले, "हे इच्यारून राह्यलं, पैसे लागतीन म्हणते का?" मी पॅक आधीच वाचून ठेवला होता. म्हटलं, दाबा. दाबलं. पाच सेकंदांत फोन टिंगटिंग टिंगटिंग सुरू. सकाळपासूनचे सगळे मेसेज, वर मामाचे गुड मॉर्निंग.

मास्तर, गिरणाकाठची ताई, दोघांचे मनापासून आभार. अमळनेरी भाऊ आणि काका, तुमचंही. तुम्ही सांगितलं ते सगळं झालं नसतं तर मी अजून एपीएनच वाचत बसलो असतो.

---

अमळनेरी_मोबाईलवाला | गुरुवार, दुपारी ३:१०

रिव्हर्सचा आर! आता दुकानात गिऱ्हाइकाला असंच सांगणार.

दोन कामं आजच उरकून घ्या. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये फोटो आणि व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करा, नाहीतर मामांचे गुड मॉर्निंग आणि भजनांचे व्हिडिओ दुपारपर्यंत दीड जीबी खाऊन टाकतील आणि आबा परत "नेट गेलं" म्हणून फोन करतील. दुसरं, फोनची मेमरी थोडी रिकामी ठेवा. ती भरली की ई-पीक पाहणीचा फोटो निघणार नाही, नेमकी तीच वेळ यायची.

---

तंत्रमित्र_२२ | गुरुवार, दुपारी ३:४०

मॅन्युअल नेटवर्क सिलेक्ट करून महाराष्ट्राचा टॉवर फिक्स केला तर? रोमिंगचा प्रश्नच मिटेल.

---

भुसावळ_जंक्शन | गुरुवार, संध्याकाळी ५:२०

मिटेल आणि दुसरा उभा राहील. हातानं नेटवर्क बांधून ठेवलं की मळ्यात आपल्या टॉवरची रेंज गेली तरी फोन दुसऱ्याकडे जाणार नाही. नेटही नाही, बोलणंही नाही. एकट्या माणसाला मळ्यात साप-विंचू काहीही होऊ शकतं, बोलणं कायम चालू पाहिजे. नेटवर्क "आपोआप" वर आणि डेटा रोमिंग चालू. एवढं राहू द्या.

---

गिरणाकाठची | गुरुवार, रात्री ९:०५

दादा, आईकडे कोणता फोन आहे? बटणांचा असेल आणि तिला नेट नको असेल तर तिच्या नंबरवर डेटाचा पॅक मारू नका. ट्रायनं (दूरसंचार नियामकानं) डिसेंबर २०२४ मध्ये सांगितल्यापासून फक्त बोलणं आणि एसएमएसचे पॅक कंपन्यांना ठेवावे लागतात. अॅपवर पहिल्या पानावर दिसत नाहीत, शोधावे लागतात. आमच्या सासूबाईंना मी तोच मारते.

---

केळीचा_घड | शनिवार, सकाळी ११:३०

ई-पीक पाहणी झाली. आबांनी बागेत उभं राहून स्वतः केली, मी फक्त फोनवर होतो. फोटोत एका कोपऱ्यात त्यांचं बोट आलंय, पण केळी दिसते. आईचा पॅकही ताईंनी सांगितल्यासारखा शोधून मारला, सापडायला दहा मिनिटं लागली.

आता नवाच प्रश्न. आबांना कालपासून वाटायला लागलंय की ह्या कंपनीचं नेट एवढं चांगलं, तर विहिरीवरच्या मोबाईल स्टार्टरमध्येही दुसरं सिम टाकावं, स्वस्तातलं. स्टार्टरमध्ये आत्ता जुनं सिम आहे, त्याच्यावर मिस कॉल दिला की मोटर सुरू होते. रात्रीची लाईट असते तेव्हा त्याच्याच जिवावर घरी झोपता येतं. कुठलंही सिम चालेल का?

---

अमळनेरी_मोबाईलवाला | शनिवार, दुपारी १२:१५

थांबा थांबा, सिम काढू नका!

बरेचसे जुने स्टार्टर २जीवर चालतात. त्यांना नेट लागत नाही, कॉल आणि एसएमएस लागतो, तोही २जीचा. जिओकडे २जी नाहीच, २०१६ ला आली ती थेट ४जी घेऊनच. ते सिम अशा स्टार्टरमध्ये टाकलं तर दिवा लुकलुकत राहील आणि मोटर काही चालू होणार नाही. मागच्या उन्हाळ्यात माझ्याकडे असे दोघं आले होते, दोघांचा एकेक पाळीचा पाट चुकला. ४जीचे स्टार्टर आता मिळतात, त्यांना चालेल. तुमचा कुठला आहे ते डबीवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. त्या पट्टीचा फोटो टाका, सांगतो.

---

केळीचा_घड | शनिवार, दुपारी १२:२२

आबा विहिरीवरच आहेत. त्यांनाच काढून पाठवायला सांगतो.